डिस्क गेली तरी दप्तर शाबूत : संगणकातील ‘रेड’ रचना आणि तिची निगा

कुर्डुवाडीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते रेल्वेमुळे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग आणि मिरज-पंढरपूर-बार्शी-लातूर या मार्गावरील छोटी गाडी यांचा संगम या गावी होत असे. छोट्या गाडीचा अरुंद मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला आणि एका वाघिणीतील माल दुसरीत भरण्याचे हमालांचे काम संपले. जंक्शन मात्र कायम आहे. याच गावात माढा तालुक्याची पंचायत समिती आहे, प्रांताधिकाऱ्यांचे कार्यालय आहे. नगरपरिषद, बाजार समिती, रेल्वेचा कारखाना, शाळा व महाविद्यालये आहेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अशा सर्व ठिकाणचे दप्तर हळूहळू कपाटातून संगणकात गेले. घरपट्टीची मागणी, शाळेचे जनरल रजिस्टर, बांधकामाचे नकाशे, सहकारी पतसंस्थेची खाती, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील नोंदी आणि चौकाचौकांतील कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये आता डिस्कवर राहतात.

कागदी दप्तराचे शत्रू आपल्या परिचयाचे आहेत. वाळवी, ओल, उंदीर आणि आग यांचा बंदोबस्त कसा करावा, हे प्रत्येक मुरलेल्या कारकुनास ठाऊक असते. संगणकातील दप्तराचा पहिला शत्रू त्याच्या पोटातच बसलेला असतो, आणि तो म्हणजे ज्या डिस्कवर ते लिहिले जाते ती डिस्क स्वतः. वाळवी लागलेल्या वहीची चार पाने तरी हाती लागतात. डिस्क निकामी झाली म्हणजे बहुधा सारेच एकदम जाते. एखाद्या विद्यार्थ्याच्या जन्मतारखेची नोंद किंवा विधवेच्या नावावरील घराची नोंद अशा एका डिस्कवर अवलंबून असेल, तर ती डिस्क गेल्यावर कार्यालयाचे काम एक दिवस अडते. त्या माणसाचे मात्र वर्षानुवर्षे अडू शकते.

या संकटावर संगणकशास्त्राने जो उपाय शोधला त्यास ‘रेड’ असे म्हणतात. हा शब्द कार्यालयात उच्चारला की कोणासही प्राप्तिकर खात्याच्या छाप्याची आठवण व्हावी. परंतु त्याचा येथे काही संबंध नाही. ‘रिडंडंट अॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून तो बनला आहे. स्वस्त डिस्कांचा असा संच, की ज्यात काही भाग मुद्दाम जादा ठेवलेला आहे, असा त्याचा अर्थ होय.

डिस्क का बिघडते

आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या असत, आणि सारे यंत्र दोन मोठ्या कपाटांएवढी जागा व्यापीत असे. त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कमध्ये चार टेराबाइट, म्हणजे चार लक्ष कोटी बाइट इतका मजकूर सहज मावतो. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, हे धरले तरी तालुक्यातील सर्व गावांच्या वह्या लिहून जागा शिल्लक उरेल.

अशा डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे टोक तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. रात्रंदिवस वर्षानुवर्षे चालणारे इतके नाजूक यंत्र कधीतरी थांबणारच. बॅकब्लेझ ही अमेरिकेतील माहिती-साठवण कंपनी आपल्या लाखो डिस्कांचा हिशेब नियमितपणे प्रसिद्ध करते. २०२४ या वर्षाच्या हिशेबाप्रमाणे शेकडा सुमारे दीड डिस्क वर्षात निकामी झाल्या. हे प्रमाण अल्प वाटते. पण चार डिस्क असलेले यंत्र पाच वर्षे चालवावयाचे, तर त्या अवधीत निदान एक डिस्क जाण्याचा संभव या दराने चारास एक इतका येतो. शिवाय तो हिशेब वातानुकूलित दालनांतील आहे. उन्हाळ्यात तापणारी खोली, धूळ आणि वरखाली होणारा विजेचा दाब यांत आपली यंत्रे चालतात, याचा विचार वाचकांनीच करावा.

डिस्क जाण्यापूर्वी काही सूचना देते काय ? काही वेळा देते. आधुनिक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वयं-तपासणीची सोय असून किती जागा खराब झाल्या याची नोंद ती ठेवते. परंतु गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. तात्पर्य, सूचनेच्या भरवशावर राहता येत नाही. यास्तव डिस्क जाणारच हे गृहीत धरून मांडणी करणे अगत्याचे ठरते.

कण्यांवर वाटलेला भार

या मांडणीमागील विचाराचा एक भाग कुर्डुवाडीकरांस नवा वाटू नये. एव्हरार्ड कालथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि १८९७ साली बार्शी-कुर्डुवाडी मार्गावर गाडी सुरू झाली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट आणि रूळ यार्डास ३० पौंड वजनाचे, म्हणजे अगदीच हलके. अशा रुळांवरून भरपूर माल न्यावयाचा तर काय करावे ? कालथ्रॉपने इंजिनापासून वाघिणीपर्यंत सर्व वाहनांची रचना अशी केली, की कोणत्याही कण्यावर ५ टनांहून अधिक भार पडू नये. भार अनेक कण्यांवर सारखा वाटला की स्वस्त रूळही मोठे ओझे सोसतात, हे त्याचे सूत्र होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली, म्हणजे ज्या वर्षी पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली त्याच वर्षी, एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या संगणकांसाठी त्या काळी एकेक अवाढव्य व महागडी डिस्क वापरीत. तिच्या जागी वैयक्तिक संगणकांत बसणाऱ्या लहान, स्वस्त अशा अनेक डिस्क एकत्र जोडाव्यात, मजकुराचे पट्टे पाडून ते सर्वांवर वाटावेत, म्हणजे सर्व डिस्क एकाच वेळी काम करतील आणि वेग वाढेल, असे त्यांनी दाखविले. कल्पनेची बीजे त्यापूर्वीची होती. निकामी झालेल्या साठवणीतील मजकूर उरलेल्यांवरून परत मिळविण्याच्या एका पद्धतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन औची यांस १९७८ सालीच मिळाले होते. पण ‘रेड’ हे नाव आणि पायऱ्यांची व्यवस्थित मांडणी बर्कलेची. पुढे त्या नावातील ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ जाऊन ‘इन्डिपेन्डन्ट’, म्हणजे स्वतंत्र, हा शब्द रूढ झाला. विक्रेत्यांना आपला माल ‘स्वस्त’ म्हणवून घेणे रुचले नसावे.

अनेक डिस्क जोडण्यात एक मोठा धोका होता आणि तो या तिघांनी लपविला नाही. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या संचात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी डिस्क जाणार. मजकुराचे पट्टे सर्व डिस्कांवर पसरलेले असल्याने एक गेली की सर्व मजकूर निरुपयोगी होणार. आगगाडीचा एक कणा मोडला म्हणजे गाडीच अडते, तसेच हे. म्हणून पट्ट्यांबरोबर काही जादा मजकूर लिहून ठेवणे आवश्यक झाले. तो जादा मजकूर किती व कसा ठेवावयाचा, यावरून रेडचे निरनिराळे प्रकार पडतात.

ताळ्याची युक्ती

केवळ पट्टे पाडले आणि जादा काहीच ठेवले नाही, तर त्यास ‘रेड ०’ म्हणतात. येथील शून्य हे सुरक्षिततेचे शून्य आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. कार्यालयीन दप्तरासाठी ही पद्धत कधीही वापरू नये.

सर्वांत सोपी सुरक्षित पद्धत ‘रेड १’ अथवा आरसा. दोन डिस्क घ्यावयाच्या आणि जे पहिलीवर लिहिले जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहावयाचे. एक गेली तर दुसरी काम चालू ठेवते. टेबलावर बसलेल्या लिपिकास काही कळतही नाही. हिची किंमत उघड आहे : दोन डिस्कांचे पैसे मोजून एकीचीच जागा मिळते.

‘रेड ५’ची रीत अधिक बुद्धिमान आहे, आणि शिक्षकांस ती वर्गात सांगण्यासारखी वाटेल. समजा, तीन डिस्कांवर ४, ७ आणि ५ हे आकडे लिहिले आहेत. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज १६ लिहून ठेवली. आता दुसरी डिस्क जळाली. तिच्यावर काय होते ? सोळातून चार आणि पाच वजा करा, सात उरतात. गेलेला आकडा परत मिळाला. जमाखर्चाचा ताळा घेणाऱ्या कोणासही ही युक्ती नवी नाही. संगणक प्रत्यक्षात बेरीज करीत नाही. त्याचा सर्व मजकूर शून्य आणि एक या दोनच अंकांत असल्याने, सर्व डिस्कांवर त्या त्या जागी असलेल्या एकांची संख्या सम आहे की विषम, एवढेच तो टिपून ठेवतो. यास इंग्रजीत पॅरिटी म्हणतात. आपण ताळा म्हणू. सर्व ताळे एकाच डिस्कवर ठेवले, तर प्रत्येक लेखनाच्या वेळी त्याच डिस्ककडे धाव घ्यावी लागते व तेथे रांग लागते. म्हणून रेड ५ मध्ये ताळे पाळीपाळीने सर्व डिस्कांवर वाटतात. चार डिस्कांपैकी तिहींची जागा वापरता येते, एकीची ताळ्यात जाते.

एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर एका बेरजेने भागत नाही. दोन अज्ञात संख्यांसाठी दोन समीकरणे हवीत. ‘रेड ६’ नेमके हेच करते. वरच्याच उदाहरणात साधी बेरीज १६ लिहावी, आणि शिवाय पहिल्या आकड्यास १ ने, दुसऱ्यास २ ने व तिसऱ्यास ३ ने गुणून येणारी बेरीज, म्हणजे ४ अधिक १४ अधिक १५, अशी ३३ लिहावी. पहिली व तिसरी डिस्क गेली असे समजा. सात हातात आहेत. म्हणजे दोन गेलेल्या आकड्यांची बेरीज ९, आणि पहिला अधिक तिसऱ्याची तिप्पट १९. वजाबाकी केली की तिसऱ्याची दुप्पट १०, म्हणून तिसरा ५ आणि पहिला ४. दहावीतील एकसामयिक समीकरणे कशासाठी शिकावयाची, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास हे उत्तर देता येईल. संगणकाचे गणित वेगळ्या संख्याप्रणालीत चालते, तत्त्व मात्र हेच.

आरसा आणि पट्टे एकत्र केले की ‘रेड १०’ होते. हिचा उच्चार ‘दहा’ असा नसून ‘एक-शून्य’ असा समजावा. डिस्कांच्या जोड्या करावयाच्या आणि पट्टे त्या जोड्यांवर वाटावयाचे. जिथे नोंदी सतत बदलत असतात, उदाहरणार्थ पतसंस्थेचा व्यवहार, तेथे ती वेगामुळे सोयीची पडते.

चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, तर रेड ० मध्ये १६, रेड ५ मध्ये १२ आणि रेड ६ किंवा रेड १० मध्ये ८ टेराबाइट जागा वापरास मिळते. खरेदीच्या निविदेत ‘१६ टेराबाइट’ एवढेच लिहिले आणि प्रकार लिहिला नाही, तर पुरवठादार कोणता अर्थ घेईल, हे सांगावयास नको. वापरास मिळणारी जागा किती, डिस्क किती आणि प्रकार कोणता, हे तिन्ही निविदेत स्पष्ट असावे. आणखी एक बारीकशी बाब अशी, की चार टेराबाइटची डिस्क काही संगणक सुमारे ३.६ अशी दाखवितात. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. लेखापरीक्षणात यावरून कमी पुरवठ्याचा आक्षेप निघण्यापूर्वीच खुलासा नस्तीत ठेवलेला बरा.

संच उभारताना

सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे हिशेब यांसारखी कामे आता बहुतांशी दूरच्या मोठ्या केंद्रांतील संगणकांवर चालतात. तेथे रेडची निगा ठेवण्यास तज्ज्ञ मंडळी असतात. या लेखाचा विषय आहे तो तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेत, शाळेत किंवा संस्थेत कोपऱ्यातील मेजाखाली ठेवलेला लहान सर्व्हर अथवा ‘नॅस’ नावाची साठवण-पेटी. स्कॅन केलेली जुनी दप्तरे, नकाशे, छायाचित्रे हे सर्व अजूनही अशाच पेटीत असते, आणि तिचा वाली बहुधा कोणीच नसतो.

अशा ठिकाणी प्रस्तुत लेखकाचे मत सरळ आहे. दोन मोठ्या डिस्कांचा आरसा पुरत असेल, तर त्याच्या पलीकडे जाऊ नये. समजावयास सोपा आणि दुरुस्तीस सोपा. चार किंवा अधिक डिस्क लागत असतील तर रेड ६ अथवा रेड १० घ्यावी. रेड ५ मध्ये जागा अधिक मिळते म्हणून विक्रेते ती सुचवितात. मोठ्या डिस्कांच्या बाबतीत ती का टाळावी, हे पुढे येईल.

रेडचा कारभार कोणी पाहावयाचा, याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्यासाठी खास विद्युत-पट्टी, म्हणजे नियंत्रक कार्ड, बसविणे. दुसरा म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीकडेच ते काम सोपविणे. लिनक्समध्ये ‘एमडी’ ही सोय आणि ती चालविणारे ‘एमडीएडीएम’ हे साधन विनामूल्य मिळते. विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ आहे. कार्ड वेगवान असते. पण आठ वर्षांनी ते कार्डच जळाले आणि त्या जातीचे कार्ड बाजारातून गेलेले असले, तर डिस्क धडधाकट असूनही वाचता येत नाहीत. लिनक्सचा संच दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकास जोडून वाचता येतो. तालुका पातळीवर हा गुण वेगाहून मोलाचा आहे. संगणकाच्या मुख्य फलकावरच ‘रेड’ असे लिहिलेली जी स्वस्त सोय असते, तिच्यात दोहोंचे दोष एकत्र आढळतात. तिच्या वाटेस जाऊ नये.

डिस्क सारख्याच क्षमतेच्या घ्याव्यात, कारण संचात सर्वांत लहान डिस्क जेवढी, तेवढीच जागा प्रत्येकीची धरली जाते. शक्य तर सर्व एकाच खोक्यातील, एकाच दिवशी बनलेल्या घेऊ नयेत. जन्म एकत्र, तर मृत्यूही जवळजवळ येण्याचा संभव. घरगुती वापराच्या डिस्क टाळाव्यात. वाचनात चूक आली की त्या तीच जागा वाचण्याचा प्रयत्न दीर्घकाळ करीत बसतात, आणि तेवढ्यात नियंत्रक त्यांस मृत समजून संचाबाहेर काढतो. ‘शिंगल्ड’ पद्धतीच्या डिस्कांवर मजकुराच्या ओळी कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात. एक बदलावयाची तर शेजारच्या अनेक पुन्हा लिहाव्या लागतात. अशी डिस्क संचात नको. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारी तबकडी नसते, तथापि तीही झिजते; आणि आरशातील दोन्हींवर सारखेच लिहिले जात असल्याने दोन्ही सारख्याच झिजतात.

संच उभा राहिल्यावर, दप्तर त्यात भरण्यापूर्वी, दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक कागदावर लिहून तो ती ज्या खणात आहे त्याच्या दर्शनी भागी चिकटवावा. त्यानंतर नमुन्यादाखल काही मजकूर ठेवून एक डिस्क मुद्दाम बाहेर काढावी, काम चालू राहते काय ते पाहावे, आणि तिच्या जागी कोरी डिस्क घालून पुनर्बांधणी पूर्ण होते की नाही याची खात्री करून घ्यावी. पुरवठादाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी ही चाचणी त्याच्याच माणसाकडून करवून घेता येते. देयक गेल्यावर तो माणूस भेटणे कठीण.

वीज आणि यूपीएस यांविषयी वेगळे सांगण्याचे कारण असे. रेड ५ किंवा ६ मध्ये मजकूर आणि त्याचा ताळा हे दोन्ही लिहावे लागतात. मजकूर लिहिला आणि ताळा लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर दोहोंचा मेळ राहत नाही, आणि ही विसंगती एखादी डिस्क जाईपर्यंत कोणास कळत नाही. मग चुकीच्या ताळ्यावरून चुकीचा मजकूर परत येतो. यूपीएस केवळ दिवा चालू ठेवणारे नको. बॅटरी संपत आल्यावर संगणकास सूचना देऊन तो रीतसर बंद करणारे हवे.

लाल दिवा

रेडचे सर्वांत मोठे वैगुण्य तिच्या गुणातच आहे. डिस्क गेली तरी काम अडत नाही, म्हणून ती गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. एका कार्यालयात सर्व्हरच्या दर्शनी भागी लाल दिवा लागलेला पाहून प्रस्तुत लेखकाने चौकशी केली, तेव्हा ‘तो दिवाळीपासून लागतोच आहे, पण यंत्र व्यवस्थित चालते’, असे उत्तर मिळाले. तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. त्या आरशातील एक काच फुटून चार महिने होऊन गेले होते, आणि साऱ्या गावाच्या नोंदी उरलेल्या एका डिस्कवर तरंगत होत्या. दोष त्या लिपिकाचा म्हणता येत नाही. दिव्याचा अर्थ त्यास कोणी सांगितलाच नव्हता.

म्हणून निगराणी एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावी, आणि ती व्यक्ती रजेवर असताना दुसरीकडे. बिघाड होताच ई-मेल जावा, अशी सोय बहुतेक संचांत असते. मात्र तो ई-मेल बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जात राहतो, हा अनुभव नेहमीचा. पत्ता पदाच्या नावाचा असावा. महिन्यातून एकदा संपूर्ण संच वाचून ताळे जुळतात की नाही हे तपासणारी फेरी चालवावी. डेबियन या लिनक्स-प्रकारात ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची प्रथा आहे. क्वचितच उघडल्या जाणाऱ्या जुन्या फायलींत एखादी जागा खराब झाली असेल, तर ती या फेरीत वेळीच सापडते.

डिस्क निकामी झाली म्हणजे घाई करू नये, आणि आळसही करू नये. प्रथम कोणती डिस्क गेली हे पडद्यावरील अनुक्रमांकावरून निश्चित करावे आणि तो खणावरील कागदाशी ताडून पाहावा. गेलेली समजून धडधाकट डिस्क बाहेर ओढणे, ही या क्षेत्रातील ठरलेली दुर्घटना होय; चिकटविलेल्या कागदाचे मोल त्या क्षणी कळते. मग नवी डिस्क घालावी. ती आधीच कपाटात असावी, कारण खरेदीच्या मंजुरीस जितके दिवस लागतात तितके दिवस संच उघडा राहतो.

नवी डिस्क घातल्यावर पुनर्बांधणी सुरू होते. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरावयाची, तर केवळ लिहिण्यासच सुमारे १५ तास लागतात. कामकाज चालू असेल तर याहून अधिक. या काळात उरलेल्या सर्व डिस्क अखेरपर्यंत वाचल्या जातात, आणि येथेच रेड ५ ची कसोटी लागते. अनेक साध्या डिस्कांचे उत्पादक दर १०० लक्ष कोटी बिटांमागे वाचनाची एक चूक होऊ शकेल, असे स्वतःच लिहून देतात. इतके बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. आठ टेराबाइटच्या चार डिस्कांच्या संचात एक गेली, तर उरलेल्या तिहींतून २४ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क बहुधा या आकड्याहून बऱ्या निघतात, हे खरे. तरीही ज्या वेळी एकही चूक परवडत नाही, नेमक्या त्याच वेळी ती होण्यास वाव राहतो. रेड ६ मध्ये तेव्हाही दुसरा ताळा शिल्लक असतो. म्हणून पुनर्बांधणीस हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसरीकडे घ्यावी, हा नियम कोणत्याही प्रकारात पाळावा.

जे रेडच्या आवाक्याबाहेर आहे

आतापर्यंतचे विवेचन वाचून, ‘आमच्याकडे रेड आहे, आता वेगळ्या प्रती कशाला’, असा समज होण्याचा संभव आहे. तो सर्वांत घातक समज होय. रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचविते, दुसऱ्या कशापासूनही नाही. लिपिकाने चुकून एक फोल्डर पुसला, तर आरशातील दोन्ही डिस्कांवरून तो त्याच क्षणी पुसला जातो. आरसा आज्ञाधारक असतो. चूक आणि बरोबर यांतील भेद त्यास कळत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि तेथील मजकूर कुलूपबंद झाला. देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयास अनेक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. अशा प्रसंगी डिस्क सर्व धडधाकट असतात आणि तरीही मजकूर हाती नसतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयास आग लागली, तीत पाच जणांचा बळी गेला आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदपत्रे जळाली. आग लागलेल्या दालनात संगणक असता, तर त्यातील डिस्कांना ताळ्याने वाचविले नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीस आलेल्या महापुराचे पाणी माढा तालुक्यातील नदीकाठच्या गावांत शिरले, हे तर येथील वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. चारही डिस्क एकाच पेटीत, आणि पेटी पाण्यात.

यासाठी संगणक-व्यवसायात एक साधा हिशेब प्रचलित आहे : मजकुराच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. कुर्डुवाडीच्या कार्यालयास हे अवघड नाही. पहिली प्रत सर्व्हरच्या संचावर. दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी प्रत घेतल्यावर संगणकापासून काढून कुलपात ठेवावयाची. जोडलेली ठेवली तर हल्ल्यात तीही सापडते. तिसरी सोलापूरला, पुण्याला अथवा शासनमान्य क्लाउडवर. गाडीने सोलापूर फार दूर नाही. महिन्याला एक डिस्क बैठकीस जाणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर गेली, तरी चालण्यासारखे आहे, मात्र ती परवलीच्या शब्दाने बंद केलेली असावी आणि तो शब्द डिस्कबरोबर पाठवू नये. तिमाहीस एकदा त्या प्रतीतून चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. अनेक ठिकाणी प्रती वर्षानुवर्षे घेतल्या जातात, आणि त्या कोऱ्या होत्या हे गरज पडते त्या दिवशी समजते.

जुन्या डिस्कांचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुतेक कार्यालयांत शेवटी उरतो. आरशातून काढलेली डिस्क ‘निकामी’ असली तरी तिच्यावरील मजकूर जाणकारास बरेचदा वाचता येतो, आणि त्यात नागरिकांची आधार क्रमांकांसह माहिती असू शकते. हमीच्या मुदतीत बदलून मिळणारी डिस्क पुरवठादार परत मागतो. ती परत न करता नवी मिळेल अशी अट करारात आधीच घालता येते. हमी संपलेल्या डिस्क भंगारात देण्यापूर्वी त्यांस भोके पाडून तबकड्या नष्ट कराव्यात. तसे झाल्याचा, डिस्कच्या अनुक्रमांकासह व दोघांच्या स्वाक्षरीसह, दाखला जडवस्तू संग्रह नोंदवहीस जोडावा.